ऑनलाइन कोर्स शिकवून पैसे कसे मिळतात? युडेमीवर शिक्षक होण्याआधी हा हिशोब वाचा

आपल्या तालुक्यात चांगलं शिकवणारी माणसं भरपूर आहेत. कुणी टॅली शिकवतं, कुणी ब्लाऊज कटिंग, कुणी स्पर्धा परीक्षेचं गणित. अडचण एकच असते, गावात क्लास काढला तर बॅचला आठ-दहा पोरं जमतात आणि त्यातली दोन फी बुडवतात. म्हणून आता बरेच जण विचारतात, "ऑनलाइन कोर्स टाकला तर पैसे मिळतात म्हणे, खरं का?"

खरं आहे, पैसे मिळतात. पण मोबाईलवरच्या जाहिराती सांगतात तितके आणि तितक्या लवकर मिळत नाहीत. या लेखात जगभर वापरल्या जाणाऱ्या युडेमी या प्लॅटफॉर्मचं उदाहरण घेऊन कोर्स कसा टाकायचा, वाटा किती मिळतो, पैसे बँकेत कसे येतात आणि फसवणूक कुठं होते, ते पाहूया.

युडेमी म्हणजे काय?

युडेमी ही अमेरिकन कंपनी २०१० साली सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एरेन बाली, हे तुर्कस्तानातल्या एका छोट्या गावात वाढले. त्यांच्या गावची शाळा एका खोलीची होती. इंटरनेटवरून गणित शिकून ते आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये पदकापर्यंत पोचले, आणि पुढं याच अनुभवातून ही कंपनी उभी राहिली.

हा एक प्रकारचा बाजार आहे. आपण कोर्सचे व्हिडिओ टाकायचे, विद्यार्थी पैसे भरून ते घेतात, कंपनी आपला वाटा ठेवते आणि उरलेले पैसे आपल्याला देते. शिक्षकाकडून नोंदणी फी घेतली जात नाही. डी.एड., बी.एड.ची अटही नाही. वय मात्र १८ पूर्ण पाहिजे आणि स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते.

कोर्सेरा हे नावही तुम्ही ऐकलं असेल. पण तिथं विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्या कोर्स देतात. आपल्यासारख्या एकट्या माणसाला थेट तिथं जाऊन कोर्स विकता येत नाही.

वाटा किती मिळतो?

इथंच बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून हा भाग नीट वाचा. युडेमीवर कमाईचे तीन रस्ते आहेत.

१. तुमच्या लिंकवरून किंवा कूपनवरून विक्री झाली तर ९७ टक्के रक्कम तुमची.
२. विद्यार्थी युडेमीच्या शोधातून किंवा जाहिरातीतून आला तर ३७ टक्के तुमची.
३. विद्यार्थ्याने कोर्स विकत न घेता वर्गणी भरून पाहिला, तर वर्गणीच्या रकमेचा ठराविक हिस्सा सगळ्या शिक्षकांत पाहिलेल्या मिनिटांनुसार वाटला जातो. हा हिस्सा आधी २५ टक्के होता. २०२४ मध्ये २० टक्के, २०२५ मध्ये साडेसतरा टक्के आणि २०२६ साठी १५ टक्के असा तो कंपनीने उतरवत आणला. शिवाय वर्गणीच्या यादीत सगळे कोर्स घेतले जात नाहीत, निवडक घेतात.

आता हिशोब मांडू. समजा, कर वगैरे वजा जाऊन एका विक्रीचे ४०० रुपये उरले. विद्यार्थी तुमच्या लिंकवरून आला असेल तर तुम्हाला ३८८ रुपये. तोच विद्यार्थी युडेमीच्या शोधातून आला असेल तर १४८ रुपये. एकाच कोर्समागे २४० रुपयांचा फरक!

असे २० विद्यार्थी तुमच्या लिंकवरून आले तर ७,७६० रुपये होतात. तेच २० युडेमीने आणले तर २,९६० रुपये. म्हणजे ज्याच्याकडे आधीपासून माणसं आहेत, जुने विद्यार्थी आहेत, यूट्यूब चॅनेल आहे, त्यालाच हा धंदा जास्त परवडतो. कोर्स टाकून नुसतं बसून राहिलं तर गर्दीत तो सापडतही नाही.

किमतीबद्दलही एक गोष्ट. युडेमीवर वर्षभर सवलती चालू असतात. तुम्ही सवलत योजनेला होकार दिलात तर दोन-तीन हजारांची किंमत लावलेला कोर्ससुद्धा काही शे रुपयांना विकला जातो. नकार देता येतो, पण मग कंपनीच्या सवलतीच्या जाहिरातीतून येणारं गिऱ्हाईक मिळत नाही.

कोणता विषय घ्यावा?

इंग्रजीतून कॉम्प्युटर शिकवणारे हजारो जण तिथं आहेत. त्यांच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. जे मराठीतून हवं आहे आणि शिकवणारे कमी आहेत, असं काहीतरी शोधा.

• मोडी लिपी: जुनी दस्तं, जमिनीची कागदपत्रं मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झालं आणि मोडी वाचणारी माणसं कमी पडतात हे सगळ्यांना कळलं.
• शिवणकाम: मापं घेणं, कटिंग, अस्तराचा ब्लाऊज. हात दिसला पाहिजे असा विषय, त्यामुळे व्हिडिओ फार उपयोगी पडतो.
• टॅली आणि जीएसटीचा रोजचा हिशोब: दुकानदार, खत विक्रेते, पतसंस्थेतले कर्मचारी यांच्यासाठी.
• शेतीतलं एकच काम: "द्राक्षशेती" असा मोठा विषय नको. "द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी" एवढाच घ्या.
• मराठी बोलायला शिकवणं: परराज्यातून आलेले बँक कर्मचारी, परदेशात वाढलेली आपली मुलं यांना याची गरज असते.

विषय पक्का करण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा, "यासाठी तू चारशे रुपये देशील का?" "छान आहे, टाक की" असं म्हणणारे मोजू नका. पैसे देईन म्हणणारे मोजा. दहापैकी दोघंही निघाले नाहीत, तर विषय बदला.

कोर्सच्या अटी काय आहेत?

विकायचा कोर्स असेल तर किमान ३० मिनिटांचा व्हिडिओ आणि किमान ५ धडे लागतात. चित्र एचडी, म्हणजे ७२० पी किंवा त्याहून चांगलं हवं. आवाज स्वच्छ आणि दोन्ही कानांत येणारा हवा. मोफत कोर्ससाठी व्हिडिओ दोन तासांच्या आत ठेवावा लागतो. टाकल्यावर कंपनी तपासते, चूक दाखवते, दुरुस्त करून परत पाठवता येतो. पैसे घेऊन विकायचा असेल तर शिक्षक म्हणून वेगळा अर्ज भरावा लागतो.

अर्धा तास ही किमान अट झाली. विद्यार्थ्याला पैसे वसूल वाटायचे असतील तर दोन-तीन तासांचा नीट क्रमवार कोर्स लागतो. एका तासाच्या तयार व्हिडिओमागे लिहिणं, शूटिंग आणि एडिटिंग धरून आठ-दहा तास सहज जातात. म्हणजे तीन तासांच्या कोर्सला तीस तास. शेती किंवा नोकरी सांभाळून करणार असाल तर दोन महिने धरून चाला.

घरच्या घरी शूटिंग कसं करायचं?

महागडा कॅमेरा लागत नाही. चालू मोबाईल आडवा धरून १०८० पीवर शूट करा. पण दोन गोष्टींवर थोडा खर्च करा: एक ट्रायपॉड आणि एक कॉलरला लावायचा माईक. चित्र थोडं कमी असलं तर विद्यार्थी सांभाळून घेतो, आवाज खराब असला की तो कोर्स बंद करतो.

• रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला गोधड्या, सतरंज्या लावा, फरक लगेच कळेल.
• पंखा बंद ठेवा. पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, मंदिराचा भोंगा यांची वेळ टाळा. पहाटेची वेळ उत्तम.
• उजेड तोंडावर पडू द्या. खिडकी पाठीमागं नको, समोर हवी.
• लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून काम ठरवा. मोबाईल आणि माईक आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.
• एक धडा पाच ते आठ मिनिटांचा. एका धड्यात एकच गोष्ट.
• फाईल मोठ्या असतात, अपलोड रात्री लावा. हे काम मोबाईलपेक्षा कॉम्प्युटरवरून करणं सोपं जातं. घरी नसेल तर मित्राचा वापरा, पण पासवर्ड तिथं सेव्ह करू नका.

व्हिडिओत सिनेमाची गाणी, दुसऱ्याच्या यूट्यूबवरचे तुकडे, विकतच्या पुस्तकाची पानं वापरू नका. कॉपीराइटची तक्रार आली की कोर्स निघतो, खातंही बंद होऊ शकतं.

पैसे बँकेत कसे येतात?

युडेमी पैसे पेपॅल किंवा पेओनियर मार्फत देते. तिथं खातं उघडायला पॅन कार्ड आणि बँक खातं लागतं. तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आधी पाहा. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, असं असेल तर पैसे अडकतात. आधी ते दुरुस्त करून घ्या.

विद्यार्थ्याला ३० दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. त्यामुळे विक्री झाली की लगेच पैसे हातात येत नाहीत, मधे साधारण दीड-दोन महिने जातात. रक्कम डॉलरमध्ये येते आणि रुपयात बदलताना थोडी कट होते.

कंपनी अमेरिकन असल्यामुळे तिथला कराचा डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यात तुम्ही भारतातले रहिवासी आहात हे सांगायचं असतं. तो नीट भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर जास्त कर कापला जाऊ शकतो. आपल्याकडेही हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. शेतीचं उत्पन्न म्हणून ते दाखवता येत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी तालुक्यातल्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

युडेमीशिवाय दुसरे मार्ग

युडेमीवर कोर्स टाकला म्हणून दुसरीकडं विकायला बंदी नाही. तोच कोर्स इतर ठिकाणीही ठेवता येतो.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेलं असावं लागतं. शॉर्ट्सच्या मार्गाने गेलं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. पण यूट्यूबचा खरा फायदा वेगळा आहे. तिथं पाच-सात धडे फुकट दाखवा, लोकांचा विश्वास बसू द्या, आणि पूर्ण कोर्सची तुमची लिंक खाली द्या. ९७ टक्के मिळवायचा हाच सरळ रस्ता.

तिसरा मार्ग सगळ्यात साधा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा आणि ठरलेल्या वेळी लाईव्ह शिकवा, फी यूपीआयवर घ्या. पहिली बॅच अशीच घ्यावी. विद्यार्थी कुठं अडतात ते समोर कळतं आणि रेकॉर्डेड कोर्स चांगला होतो.

इथं फसवणूक होते, सावध राहा

• "आमच्याकडे शिक्षक म्हणून नोंदणी करा, फी ४,९९९" असा मेसेज आला तर सोडून द्या. शिकवणाऱ्याने शिकवण्यासाठी आधी पैसे का भरायचे?
• "महिन्याला लाख रुपये कमवायला शिका" असे कोर्स विकणारे बरेचदा तोच कोर्स विकून कमावतात. घेण्याआधी विचारा, हा कोर्स सोडून तुमचा दुसरा कोणता कोर्स चालतो?
• स्वतःचं अ‍ॅप बनवून देणारे वर्षाची फी आगाऊ घेतात. पन्नास विद्यार्थी पक्के नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.
• पैसे येण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. पिन पैसे देताना लागतो.
• फसलात तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी येत नाही, चालेल का?
मराठीत शिकवता येतं. पण युडेमीच्या सूचना, फॉर्म इंग्रजीत असतात. सुरुवातीला घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा.

नोकरी किंवा क्लास सोडून हे करावं का?
नाही. पहिले सहा महिने हाती काही येणार नाही असं धरून चाला. कर्ज काढून कॅमेरा, लॅपटॉप तर अजिबात घेऊ नका.

सरकारी शिक्षक हे करू शकतात का?
सेवा नियमांप्रमाणे बाहेरच्या उत्पन्नावर बंधनं असतात. आधी कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या.

कोर्स एकदा टाकला की आयुष्यभर पैसे मिळतात का?
नियम बदलले, सॉफ्टवेअर बदललं की कोर्स जुना होतो. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली नाहीत तर रेटिंग घसरतं, आणि रेटिंग घसरलं की विक्री थांबते. वर्षातून एकदा तरी धडे तपासून नवे करावे लागतात.

सुरुवात कुठून करू?
आज एकच पाच मिनिटांचा धडा मोबाईलवर शूट करा. तो विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला दाखवा आणि त्याच्याकडून ते काम करून घ्या. त्याला जमलं, तर तुम्हाला शिकवता येतं. पुढचा धडा उद्या करा.