बोर्दोची प्रतवारी

फ्रान्समधील बोर्दो प्रांतीं जाणाऱ्या प्रवाशापुढें पहिला प्रश्न हा, कीं द्राक्षमद्य करणाऱ्या शेंकडों मळ्यांपैकीं पाहावे कोणते? पुष्कळ जण १८५५ सालची यादी हातीं घेतात. ती झाली कशी, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

त्या वर्षीं तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानींत पॅरिसला मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्दोच्या व्यापारी मंडळानें मद्याच्या दलालांकडून प्रतवारी मागविली. दलालांनीं ती १८ एप्रिल रोजीं लिहून दिली. नव्यानें पेले भरून कोणी परीक्षा केली नाहीं. वर्षानुवर्षें बाजारांत मिळालेला भाव हाच निकष. तांबड्या मद्याचे पांच वर्ग ठरले. पहिल्यांत लाफीत, लातुर, मार्गो व ओ-ब्रियाँ हीं चारच नांवें आलीं. दुसऱ्या वर्गांतील मूतोंला त्यांच्या पंक्तीस बसण्यास १९७३ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत मळ्यांचे धनी बदलले, शिवा सरकल्या. प्रत मात्र नांवालाच चिकटून राहिली.

सँतेमिल्यों व पोमेरोल यांचा व्यापार मुख्यतः लिबूर्नच्या पेठेंतून चाले. त्यांतील एकाही मळ्यास यादींत जागा मिळाली नाहीं. आज त्याच पोमेरोलमधील पेत्रूसचा भाव पहिल्या वर्गाहूनही चढा असतो. म्हणजे यादी स्वतःच्याच कसोटीस आतां पुरी उतरत नाहीं!

यादी टाकून द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रवाशानें ती अवश्य न्यावी. परंतु एका काळच्या बाजाराची साक्ष म्हणून वाचावी, आणि एक दिवस सँतेमिल्योंच्या टेकडीसाठीं राखावा.