ड्रममधली काळी पूड

वळ गावात मोटारीच्या ब्रेकवर बोलायचं म्हणजे धाडसच. इथल्या गोदामांपुढे जे ट्रक उभे असतात त्यांच्या चालकांना आणि गॅरेजवाल्यांना यातलं जितकं कळतं, तितकं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कुठून कळणार? पण गेल्या हिवाळ्यात इथल्याच एका शेडमध्ये आम्ही चौघांनी 1966 सालच्या फियाट 1100 चे ब्रेकशू बदलून घेतले. त्या कामात एक प्रसंग असा घडला, की त्याच्या मागचा इतिहास शोधल्यावाचून आम्हाला राहवेना.

गाडी कुर्ल्याची. म्हणजे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. हीच पुढे थोड्याफार बदलांनी पद्मिनी झाली आणि 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. आपल्याकडे 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली की मोटार ‘व्हिंटेज’. इंग्रज शौकिनांना याचं हसू येईल, त्यांचं व्हिंटेज 1930 लाच संपतं. असो.

तर मिस्त्रींनी मागच्या चाकाचा ड्रम ठोकून ठोकून उतरवला. आत काळी, मऊ पूड साचलेली. मिस्त्री सवयीनं वाकले, गाल फुगवले, आणि फुंकर मारणार तोच आमच्यातल्या एकानं त्यांचा खांदा धरून मागे ओढलं. हे गृहस्थ छातीच्या विकारांचे डॉक्टर. मिस्त्री चक्क रागावले. म्हणाले, “तीस वर्षं असंच साफ करतोय, साहेब.”

ही पूड म्हणजे काय? चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू. पायाखालचं पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं ते शू बाहेर रेटले जातात आणि ड्रमला आतून घासतात. शूला बाहेरून जो पट्टा असतो, ज्याला गॅरेजात लायनर म्हणतात, तो स्वतः झिजतो आणि गाडी थांबवतो. झिजलेलं जातं कुठे? ड्रमच्या आतच बसतं, पुढच्या वेळी कुणीतरी तो उघडेपर्यंत.

लायनरची पहिली गोष्ट मात्र फार गोड आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याच्याच मोटारीनं मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेत एका चर्मकाराकडून त्यांनी ठोकळ्यांना चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या ‘शू’ला पहिलं अस्तर लावणारा खरोखरच जोडे शिवणारा होता!

चामडं तापलं की जळतं. इंग्लंडात डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूडनं 1897 पासून कापडाचे पट्टे रसायनांत भिजवून पाहिले. तेही उष्णतेपुढे हरले. मग 1908 च्या सुमारास त्यानं ॲस्बेस्टॉस वापरला. दगडातून निघणारा तंतू, कापसासारखा कातता-विणता येतो, आणि जळत नाही. भिवंडीकरांना अशा तंतूचं मोल वेगळं सांगायला नको. मोटारींचा वेग वाढत गेला, घाट उतरणं बिनघोर झालं, यात या तंतूचा वाटा फार मोठा. कसारा घाट उतरणाऱ्या जुन्या ट्रकांच्या चाकांतही तोच होता. हे नाकारून चालणार नाही. डॉक्टरांशी आमचा वाद झाला तो इथंच.

पण त्या तंतूचं अस्तर कुणीतरी बनवत होतं. मुंबईच्या अशाच एका कारखान्यातल्या जुन्या कायम कामगारांची पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. 181 जण तपासले, त्यांतल्या पाचापैकी एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस होता, म्हणजे फुप्फुसं घट्ट होत जाणारा, बरा न होणारा आजार. अशा कामगाराला टीबी किंवा जुनाट खोकला म्हणून घरी पाठवलं जातं, हीही तक्रार तिथं नोंदली आहे. आणि हे कधी? सर्वोच्च न्यायालयानं याच धंद्यातल्या कामगारांच्या खटल्यात, आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं 1995 च्या जानेवारीत सांगितलं, त्यानंतर दहा वर्षांनी. कामगार निवृत्त झाल्यावरही त्याच्या आरोग्याची नोंद ठेवावी, असं त्या निकालात आहे. गॅरेजातल्या मिस्त्रीची नोंद कोण ठेवतो?

बाजू दुसरीही सांगायला हवी. ब्रेकच्या उष्णतेनं या तंतूचं बरंचसं रूप पालटतं, त्यामुळे पुडीत तो थोडाच उरतो. आता लायनरच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असंही छापलेलं असतं. पण साठ वर्षांच्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बसवलं, हे कोण सांगणार? आणि मिस्त्री काही एकदाच फुंकत नाही.

पुढचं काम आम्ही सावकाश केलं. पूड ओल्या फडक्यानं पुसली, कॉम्प्रेसरची नळी बंद ठेवली. ड्रम लेथवर चढवून आतून सारखा केला. नवे लायनर रिबिटांनी बसवले. त्यांना ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही, यावर मिस्त्रींचं फार लक्ष. स्प्रिंगा ताणून अडकवताना आमच्यातल्या एकाचं बोट सोललं. शेवटी तेलातली हवा काढायची, कारण तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. आम्ही पेडलवर, मिस्त्री चाकापाशी. “दाबा... धरून ठेवा... सोडा.” बुडबुडे थांबेपर्यंत तेच.

ती फडकी आणि जुने शू दुहेरी पिशवीत बांधून ठेवले आहेत. कुणाकडे द्यायचे म्हणून आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारलं. एक भंगारवाला शू घ्यायला तयार होता, लोखंडाच्या भावानं. लायनर तो ठोकून काढणार होता. आम्ही दिले नाहीत. पिशवी अजून त्या शेडच्या फळीवर आहे.