काटा खरं बोलतो का?

वाकोल्याहून कलिना ओलांडून सीएसटी रोडने कुर्ल्याला गेलं, की पुढे एलबीएस मार्गाच्या बाजूला कोहिनूर सिटी लागते. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत. पूर्वी त्याच जागेवर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाट. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ च्या सुमारास तिचंच बारसं 'प्रीमियर पद्मिनी' असं झालं. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी ती हीच!

पद्मिनीच्या आठवणींवर आत्तापर्यंत रग्गड लिहून झालंय. मला लिहायचंय ते जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या एका छोट्याशा काट्याबद्दल, म्हणजे इंजिनाच्या तापमानाच्या.

काट्याचं एवढं काय कौतुक, असं वाटेल. पण टॅक्सीवाल्यासाठी हा पोटाचा प्रश्न होता. तापलेलं इंजिन तसंच रेटलं की गॅस्केट उडतं, हेड वाकतं, ऑइलमध्ये पाणी शिरतं. गाडी गॅरेजात आणि धंदा बंद! उलट खोट्या काट्याला घाबरून रेडिएटर काढून दुरुस्त केला, तर तोही खर्च पाण्यात.

आता गंमत अशी, की हा काटा इंजिनाचं तापमान थेट कधीच मोजत नव्हता. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइसचा 'मोटोमीटर' आला. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला थर्मामीटर, ड्रायव्हरने काचेतून बघायचा. तो मोजायचा पाण्यावरच्या वाफेचं तापमान. नंतर काटा डॅशबोर्डवर आला. एका प्रकारात इंजिनापासून काट्यापर्यंत बारीक तांब्याची नळी असे. इंजिनाकडच्या टोकातला द्रव तापला की नळीतला दाब वाढायचा आणि काटा सरकायचा. मग विजेवरचा काटा आला. त्यात इंजिनात एक सेंडर बसवलेला असतो. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो, जास्त करंट जातो आणि काटा वर चढतो. म्हणजे आपण तापमान बघतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात बघतो तो एका वायरमधला करंट!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटावं. लॉगमध्ये एरर दिसला, की सिस्टीम बिघडली आहे की लॉग लिहिणारा, हे आधी ठरवावं लागतं.

चांगला मिस्त्री हेच करायचा. सेंडरची वायर काढली की काटा थंडवर आला पाहिजे. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की काटा पार गरमवर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर काटा आणि वायर ठीक, आता सेंडर नाहीतर खुद्द इंजिन तपासा. थंड इंजिन चालू करताक्षणीच काटा टोकाला गेला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, कारण पाणी एका सेकंदात तापत नाही. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम वेडे झाले, तर दोन आजार शोधू नका. सप्लाय किंवा अर्थिंग बघा.

काटा खरा निघाला, तर तो *कधी* चढतो ते बघायचं. वाकोला ब्रिजजवळच्या ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो? मग हवा कमी पडतेय. जुन्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, इंजिन आयडलला आलं की तोही मंदावायचा. पट्टा सैल असला तर विचारूच नका. याउलट ट्रॅफिकमध्ये ठीक, पण बोरघाटाच्या चढावर चढतो? मग रेडिएटर आतून चोंदल्याचा संशय घ्यायचा. साध्या नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवली की क्षार आणि गंज साठणारच. आणि काटा तासभर गाडी चालवूनही वर येत नाही? थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कोणीतरी काढूनच टाकलाय. 'आपल्याकडे गरम हवा, कशाला हवाय तो' म्हणून तो काढून टाकायची पद्धतच होती. इंजिन थंड राहतं, पण पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर.

सगळ्यात घातक लक्षण मात्र वेगळंच. चढलेला काटा अचानक खाली येतो. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण कदाचित पाणी इतकं कमी झालंय, की सेंडर आता पाण्यात नाहीच! तो रिकाम्या जागेत लटकतोय आणि आत इंजिन भाजतंय. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बंद करायची. आणि झाकणाला लगेच हात लावायचा नाही. ते प्रेशर कुकरसारखं आहे. आतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण उघडलं की एकदम उसळून अंगावर येतं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. त्यांच्याबरोबर काटा वाचायची ही विद्याही हळूहळू जातेय. नव्या गाड्यांत सेंडर आणि काटा यांच्या मध्ये कॉम्प्युटर बसलाय. अनेक गाड्यांत पाणी ८५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमध ढिम्म! ग्राहकाने उगाच घाबरू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. तो लागेपर्यंत बर्‍याचदा उशीर झालेला असतो.

जुना काटा खोटं बोलायचा, पण त्याचं खोटं पकडता यायचं, कारण त्याच्यामागे एक वायर आणि एक सेंडर एवढंच होतं. नव्याचं शांत राहणं खरं की प्रोग्राम केलेलं, हे बघायला आता स्कॅनर लागतो.

असो. कोणाच्या घरी जुनी गाडी अजून उभी असेल, तर या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी किती आहे ते बघा. काट्याला नंतर विचारू.