न्यूयॉर्कचा सूर्यास्त

आमच्या घरात दिवाणखान्यातल्या घड्याळापेक्षा स्वयंपाकघरातल्या घड्याळाला मान जास्त. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे संध्याकाळी तव्याइतकंच लक्ष काट्यांकडे. बेळगावात डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जुलैत सात वाजून जातात. घड्याळ फक्त किती वाजले ते सांगतं. सूर्य कधी मावळणार ते कॅलेंडरात बघायचं. सासूबाई दोन्ही बघायच्या नाहीत. मागच्या दारातून एकदा आभाळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चला, पानं घ्या."

म्हणून सूर्यास्ताची वेळ दाखवणारं खिशातलं घड्याळ कुणीतरी मुद्दाम करून घेतलं होतं, हे वाचल्यावर मी थबकले. करून घेणारा न्यूयॉर्कचा बँकर, हेन्री ग्रेव्हज. त्याला काही दिवेलागणीच्या आत जेवायचं नव्हतं.

घड्याळांच्या जगात तास-मिनिटांपलीकडे जे काही घड्याळ करील त्याला 'कॉम्प्लिकेशन' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द दवाखान्यात ऐकला की छातीत धस्स होतं. संग्राहक मात्र जितकी कॉम्प्लिकेशन्स जास्त तितके खूश. तारीख, चंद्राच्या कला, कळ दाबली की वेळ वाजवून सांगणं, हे सगळं त्यात आलं. यातलं वाजणं मुळात गरजेपोटी निघालं. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वेळ कळावी म्हणून. गरज संपली, हौस राहिली.

ग्रेव्हजच्या आधी पॅकार्डबद्दल सांगायला हवं, कारण मला तो जास्त जवळचा वाटतो. जेम्स वॉर्ड पॅकार्ड म्हणजे मोटारी काढणारा, शिकलेला इंजिनियर. यंत्र कसं चालतं हे बघण्याचंच त्याला वेड. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीकडून त्याने एकामागून एक घड्याळं करून घेतली. एकात त्याच्या आईच्या आवडीचं अंगाईगीत वाजायचं. १९२७ साली आलेल्या घड्याळात ओहायोतल्या वॉरेन गावावरचं, म्हणजे त्याच्या जन्मगावावरचं, आभाळ होतं. निळ्या तबकडीवर सोन्याचे सुमारे ५०० तारे. तोवर पॅकार्ड आजारी होता. १९२८ च्या मार्चमध्ये तो गेला. गावाचं आभाळ त्याच्या हाती वर्षभरसुद्धा राहिलं नाही.

ग्रेव्हज इंजिनियर नव्हता. त्याला सगळ्यात मोठं हवं होतं, इतकंच. या दोघांच्या चुरशीची गोष्ट पुढे लिलावांच्या काळात फार रंगवली गेली. पण १९२५ मध्ये त्याने पाटेककडेच मागणी नोंदवली, हे खरं. आराखड्याला तीन वर्षं, बनवायला पाच. १९३३ च्या जानेवारीत घड्याळ हाती आलं. २४ कॉम्प्लिकेशन्स, ९२० भाग, त्यात स्क्रूच ४३०. वजन अर्ध्या किलोहून जास्त. खिशात ठेवलं तर कोटच एका बाजूला ओढला जावा! किंमत ६०,००० स्विस फ्रँक. तेव्हा अमेरिकेत मंदीने माणसं रस्त्यावर आली होती.

आता तो सूर्यास्त. आत एक वेडीवाकडी कापलेली चकती असते. ती वर्षातून एकदाच पूर्ण फिरते. तिच्या कडेला टेकलेला दांडा कडेच्या चढउताराप्रमाणे पुढेमागे सरकतो आणि काटा रोज थोडा हलतो. दिवस लहानमोठा होणं म्हणजे त्या धातूच्या कडेचा उंचसखलपणा. कुणीतरी गणित मांडून, कानशीने घासून घासून वर्षभराच्या संध्याकाळी त्या कडेवर उतरवल्या, तेही संगणक नसताना. हे वाचताना मला ग्रेव्हजचा राग येईनासा झाला. मात्र ती चकती एकाच ठिकाणासाठी कापलेली असते. ग्रेव्हजची न्यूयॉर्कसाठी होती, आणि मागच्या तबकडीवरचं आभाळही न्यूयॉर्कचंच.

एवढं करून त्याला सुख लाभलं का? घड्याळाचा गाजावाजा झाला आणि तो हैराण झाला. त्यांच्या घरात सांगतात की एकदा तळ्यावर नावेत बसलेला असताना तो ते पाण्यात फेकायला निघाला होता, मुलीने अडवलं. यावर हसायचा हक्क मला नाही. सासऱ्यांचं चावीचं एचएमटी जनता माझ्या कपाटात आहे. बंद पडलंय, तरी देऊन टाकवत नाही.

१९५३ मध्ये ग्रेव्हज वारला. १९६९ मध्ये घरच्यांनी घड्याळ दोन लाख डॉलरला विकलं, आणि ते इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या घड्याळ संग्रहालयात गेलं. संग्रहालय बंद झालं. १९९९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लिलावात एक कोटी दहा लाख डॉलर आले. घेणारे कतारच्या राजघराण्यातले शेख सौद अल थानी. २०१४ साली ११ नोव्हेंबरला जिनिव्हात ते पुन्हा लिलावात उभं राहिलं आणि दोन कोटी ३२ लाख स्विस फ्रँकला गेलं. शेख सौद दोनच दिवस आधी, ९ नोव्हेंबरला वारले होते.

हा आकडाही आता मागे पडला. २०१९ मध्ये त्याच कंपनीचं एक पोलादी मनगटी घड्याळ तीन कोटी १० लाख फ्रँकला विकलं गेलं, निदान धर्मादाय कामासाठी.

ग्रेव्हजचं घड्याळ कुणी घेतलं ते नाव जाहीर झालं नाही. कुठल्या तरी तिजोरीत असेल. चावी दिली तर तिथेही ते न्यूयॉर्कचाच सूर्यास्त दाखवील. आमच्या स्वयंपाकघरात टांगलं, तर डिसेंबरात सगळ्यांना साडेचारलाच पानावर बसवेल.