दिनविशेष : २२ फेब्रुवारी

१९०५ : रशियाशी युद्ध जुंपलेले असताना जपानच्या शिमाने प्रांताने, टोकियोतील मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार, एक सूचना काढून कोरियाच्या दिशेची 'ताकेशिमा' बेटे आपल्या हद्दीत घेतली. कोरियन लोक त्यांना 'दोक्दो' म्हणतात. बेटे कसली, दोन मोठे सुळके आणि भोवती खडक. सगळे मिळून चौरस किलोमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण त्याच नोव्हेंबरात जपानने कोरियाला आपल्या संरक्षणाखाली आणले आणि १९१० मध्ये अख्खा देशच गिळला. त्यामुळे कोरियनांच्या लेखी ही सूचना म्हणजे गुलामगिरीची पहिली पायरी. मासेमारीच्या हक्कांचा हिशेब त्यानंतरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात या बेटांचे नावच नाही, त्यामुळे जपान आणि दक्षिण कोरिया दोघांनाही आपापला अर्थ लावायला मोकळे रान मिळाले. पुढच्याच जानेवारीत दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी समुद्रात रेघ ओढून बेटे आपल्या बाजूला घेतली. २००५ मध्ये शिमानेने आजचा दिवस 'ताकेशिमा दिन' म्हणून जाहीर केला आणि दक्षिण कोरियात संतापाची लाट उसळली. बेटांवर पहारा दक्षिण कोरियाच्या पोलिसांचा आहे; जपानने दावा सोडलेला नाही.