पावशेर तूप

आमच्या लहानपणी ‘कोच’ म्हणजे पाहुण्यांना बसायची गादीची लांबलचक खुर्ची. ज्याच्या घरी कोच तो सुखवस्तू, असा साधा हिशोब. पुढे कोच म्हणजे रेल्वेचा डबा झाला, मग क्रिकेट शिकवणारे सर झाले, आणि आता... आता आमच्या पुतण्याच्या मुलीला चाकणच्या कंपनीने ‘कोच’ दिलाय! बढती मिळाली, हाताखाली वीस माणसं आली, म्हणून दर पंधरा दिवसांनी एक बाई तासभर तिच्याशी बोलतात. मी विचारलं, "अगं, पण त्या शिकवतात तरी काय?" तर म्हणते, "आजी, त्या काहीच शिकवत नाहीत. नुसतं विचारतात."

छत्तीस वर्षं हातात खडू धरलेल्या बाईला हे पचायला जडच. पण इतिहासाची खोड जात नाही, म्हणून या शब्दाच्या मागे लागले.

हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. पंधराव्या शतकात तिथल्या सुतारांनी बनवलेल्या घोडागाड्या इतक्या नावाजल्या की गाडीलाच गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर पसरलं (आपण नाही का पैठणहून आली ती ‘पैठणी’ म्हणत, तसंच). इंग्रजीत शब्द गेला तो गाडी म्हणूनच. एकोणिसाव्या शतकात, १८३०च्या सुमारास, ऑक्सफर्डच्या पोरांनी खाजगी शिकवणी घेणाऱ्या मास्तराला थट्टेने हे नाव दिलं. का, तर तो ढकलत-ओढत परीक्षेच्या पलीकडे नेऊन पोचवतो! म्हणजे मूळचा कोच आमच्याच जातकुळीतला निघाला. नंतर तो खेळाच्या मैदानावर गेला आणि तिथून परत फिरला तो आयुष्याच्या नावाने.

हे परतणं फार जुनं नाही. टिमोथी गॉलवे नावाच्या अमेरिकन टेनिस शिक्षकाने १९७४ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जाळीपलीकडच्या गड्यापेक्षा आपल्या डोक्यातला गडीच जास्त नडतो, आणि सतत सूचना देणारा शिक्षक त्या आतल्या गड्यालाच खतपाणी घालतो. इंग्लंडातल्या सर जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कंपन्यांच्या कचेऱ्यांत नेला. त्यांचं पुस्तक १९९२चं. गंमत म्हणजे हे गृहस्थ आधी मोटारींच्या शर्यतीतले नावाजलेले चालक होते, १९६५ साली युरोपातली अजिंक्यपदाची शर्यत जिंकलेले. तेव्हा मोटारींच्या या आपल्या पट्ट्यात त्यांची विद्या आली, हे बरोबरच झालं म्हणायचं. कुठे पोचायचंय, आज कुठे आहेस, वाटा कोणत्या, आणि नक्की काय करणार... एवढे चार प्रश्न विचारायचे. उत्तर समोरच्याने द्यायचं. १९९५ साली अमेरिकेत अशा कोच मंडळींची संघटनाही निघाली. आपल्याकडे मात्र या धंद्याला कायद्याने परवाना लागत नाही. उद्या मीसुद्धा दारावर पाटी लावू शकते!

आता आपल्या गावाकडे वळू.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि गावाचं रूप पालटायला सुरुवात झाली. पण माणूस घडवण्याचा विचार करायचा तर मला सुमंत मूळगावकर आठवतात. मूळचे सिमेंट कारखान्यांतले इंजिनियर, १९४९ साली टेल्कोत आले. १९६६ साली टेल्कोने पुण्याकडे पाऊल टाकलं, आणि इथली पहिली मालमोटार बाहेर पडली १९७७ साली. मधली अकरा वर्षं काय केलं? झाडं लावली, तळं केलं, अवजारं बनवायची सोय केली आणि मुख्य म्हणजे पोरांना शिकवलं. आधी प्रशिक्षण, मग गाडी. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं अप्रेंटिस म्हणून निरनिराळ्या कारखान्यांत लागली. १९६१च्या कायद्याने कारखान्यांना उमेदवार घेणं भाग होतं. ती मुलं भेटायला यायची तेव्हा तळहात दाखवायची. बाकात लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि कानस मारत राहायचं, गुण्या लावला की पलीकडचा उजेड दिसता कामा नये. शिकवणारा येई, उजेडासमोर धरून बघे, आणि न बोलता परत देई. एका मुलाने मला सांगितलं होतं, "बाई, ते चूक कुठंय ते सांगतच नाहीत. आपणच शोधायची." तेव्हा मला त्या शिक्षकाचा रागच आला होता.

पण हे झालं हाताचं काम. मनाचं काय? ज्याला सांगायला घरात माणूस नाही, त्याने जायचं कुठे?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. चाकणच्या कारखान्यांतून तळवड्याकडे येणाऱ्या बसेस देहूच्या जवळून जातात. शिंदे-वासुली भागात तर भामचंद्राच्या डोंगरावर उभं राहिलं की खाली पत्र्याच्या शेड दिसतात. याच डोंगरावर तुकोबा एकांताला बसत. आणि या तुकोबांच्या शोधात एक मुलगी कोल्हापूरहून देहूला आली होती, तिची गोष्ट तिने स्वतःच लिहून ठेवलेली आहे. संत बहिणाबाई. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या हं, दोघींची गल्लत दरवर्षी वर्गात व्हायची.) एका बाईने मराठीत स्वतःचं आयुष्य सांगितल्याचं इतकं जुनं उदाहरण विरळाच. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही केलं.

जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगावचा. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. घरावर संकट आलं, सगळ्यांनी गाव सोडलं आणि पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं फिरत कोल्हापूर गाठलं. वय जेमतेम अकरा. तिथे दान मिळालेल्या गाईचं वासरू हिच्या पाठी पाठी फिरे, अगदी जयरामस्वामींच्या कीर्तनालासुद्धा. स्वामींनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने पोरीला बेदम मारलं. काही दिवसांत वासरू गेलं. मुलगी बेशुद्ध पडली. कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग तेवढे मनात घोळत होते. आणि मग तुकोबा स्वप्नात आले, मंत्र दिला. साल १६४०च्या आसपासचं. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, बोलणं झालेलं नाही, फक्त ओळी ऐकलेल्या!

पुढचं वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. लोक दर्शनाला येऊ लागले. नवरा वेदपाठी ब्राह्मण, त्याला वाटलं, बायकोच्या पाया पडतात आणि मला कोणी विचारत नाही. शिवाय गुरू कोण, तर देहूचा शूद्र वाणी! ती तीन महिन्यांची गरोदर असताना तो घर सोडून निघायला तयार झाला. या पोरीने काय ठरवलं? नवऱ्याची सेवा सोडायची नाही, आणि तुकोबाही सोडायचे नाहीत. नवरा आजारी पडला, हिने रात्रंदिवस शुश्रूषा केली. आजारातून उठताना त्याचं मन पालटलं आणि तोच म्हणाला, देहूला जाऊ. माझ्या वर्गातल्या मुली यावर चिडायच्या, "बाई, तिनं त्याला सोडायला हवं होतं." मी त्यांना गप्प केलं नाही. पण सतराव्या शतकात जायचं कुठे, हाही प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवत असे.

देहूत पोचले तेव्हा तुकोबा देवळात आरती करत होते. गावात मंबाजी गोसावी होता, त्याने या नवीन मंडळींना सांगितलं, माझे शिष्य व्हा. नाही म्हटल्यावर छळ सुरू. पुण्याला आपाजी गोसाव्यांना तक्रारीचं पत्र गेलं. यांची गाय धरून नेली, कोंडली, मारली. बहिणाबाई सांगतात की वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले.

आता दोघांकडे नीट पाहा. मंबाजी बोलावून घेतो, दीक्षा देऊ करतो, गेलात तर चिडतो. तुकोबांनी या मुलीला समोर बसवून असं कर, तसं कर म्हटल्याचा मोठा प्रसंग मला तिच्या अभंगांत सापडत नाही. ती येते, कीर्तन ऐकते, घरी जाते, स्वतः लिहायला लागते. शिष्य गोळा करणाऱ्यांवर तर तुकोबांनी कोरडेच ओढलेत. आमच्या नातीच्या कोचबाईंना मी ओळखत नाही, त्या चांगल्याच असतील. पण तासाला पैसे मोजून मार्ग शोधणाऱ्या सगळ्याच पोरांना मी एवढंच विचारीन, समोरचं माणूस तुम्हाला मोकळं करतंय की पुन्हा पुन्हा बोलावतंय?

आणि पैशांवरून आठवलं. तुकोबांना स्वतःला गुरू भेटले तेही स्वप्नातच. बाबाजी चैतन्य. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरा सांगितली, ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिला. मोबदला म्हणून मागितलं काय, तर जेवणात पावशेर तूप. आणि तुकोबाच सांगतात, की स्वप्नात ते द्यायचं विसरून गेलं! एवढ्या मोठ्या माणसाची गुरुदक्षिणा कायमची बाकी. बाबाजींनी वसुली केल्याचं कुठे वाचनात नाही.

बहिणाबाईंना देहूत मुलगी झाली, काशीबाई. तुकोबा १६५०मध्ये गेले, आणि बहिणाबाई पुढे पन्नास वर्षं जगल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं सोसलं त्यांचा सहवास थोडाच मिळाला. बाकी सगळं आयुष्य त्यांनी आपल्या पायांवर काढलं. लिहीत राहिल्या. १७०० साली, वैजापूरजवळ शिऊरला, शेवट जवळ आला तेव्हा मुलाला, विठोबाला, बोलावून घेतलं आणि आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. त्यांची समाधी तिथेच आहे.