दरभंगा महाल (मुनशी घाट), वाराणसी

गंगेच्या पश्चिम तीरावर, दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस अहिल्याबाई घाटाला लागून उभा असलेला दगडी वाडा. आज तो बिहारच्या दरभंगा संस्थानाच्या नावाने ओळखला जातो. मूळ बांधणी मात्र नागपूरकरांची. दुसरे रघूजी भोसले यांच्या दरबारातील कारभारी श्रीधर मुनशी यांनी 1812 च्या सुमारास तो बांधला. 1803 च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि वऱ्हाडचा मुलूख गमावला होता, आणि काशी तर 1775 पासूनच कंपनीच्या ताब्यात होती. राज्य आक्रसत असताना त्याच राज्याच्या एका कारभाऱ्याने परक्या अंमलाखालच्या क्षेत्री एवढी वास्तू उभारावी, यावरून काशीवासाची ओढ आणि नागपूर दरबारातील त्याचे वजन, दोन्ही कळतात.

नदीकडची बाजू पाहण्याजोगी आहे. चुनारच्या वालुकाश्माचा उंचच उंच जोता, दोन्ही टोकांना बहुकोनी बुरूज आणि बुरुजांच्या अंगाने थेट वर गेलेले सडसडीत स्तंभ. खालच्या भिंती जवळजवळ आंधळ्या. खिडक्या, सज्जे आणि राहती दालने सगळी वर. पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळून जोत्याला भिडते. येथील धोक्याची पातळी 71.262 मीटर असून 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. किल्ल्यासारखा वाटणारा हा डौल मुख्यतः पुराच्या धाकाने आलेला आहे.

1915 मध्ये दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी वाडा विकत घेतला. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेसाठी झटणाऱ्यांत ते अग्रणी होते. विश्वविद्यालयाची कोनशिला पुढच्याच वर्षी, 4 फेब्रुवारी 1916 रोजी बसली. दरभंगेकरांनी घाटाचा विस्तार केला. वाड्यातील जुनी लिफ्टही त्यांच्याच काळातली सांगतात. तेव्हापासून शेजारी-शेजारी दोन नावे रूढ झाली: दरभंगा घाट आणि मुनशी घाट. मूळ बांधणाऱ्याची आठवण या दुसऱ्या नावाने राखली आहे. वाड्याच्या नावातून ती पुसली गेली, हे मराठी वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

1994 मध्ये वाडा हॉटेल व्यावसायिकांकडे गेला. प्रदीर्घ जीर्णोद्धारानंतर तेथे ‘ब्रिजरामा पॅलेस’ हे हॉटेल सुरू झाले. मागच्या गल्ल्यांतून मोटार येत नसल्याने पाहुण्यांना नावेने आणतात. पायऱ्या मात्र पूर्वीसारख्याच सर्वांना खुल्या आहेत.